शंख आणि शाळिग्राम

मालवणच्या किनाऱ्यावर, जिथून सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट समोर दिसतो, अशा एका शाळेत एक गुरुजी भूगोल शिकवीत असत. हिमालयाचा धडा आला की ते फळ्यावर खडूने पर्वतांच्या रांगा काढीत आणि सांगत, "मुलांनो, आज जिथे हिमालय उभा आहे, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्या समुद्रातल्या जीवांचे अवशेष आजही तिथल्या खडकांत सापडतात." मुले वहीत लिहून घेत. परीक्षेत तो प्रश्न आला की उत्तर बिनचूक येई. इतकी वर्षे असेच चालले होते.

गुरुजींच्या नोकरीचे शेवटचे वर्ष होते. नेहमीप्रमाणे त्यांनी तेच वाक्य उच्चारले, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती रापण ओढणाऱ्या घरातली होती. तिने विचारले, "गुरुजी, ता तुमी सोता बघलास काय?"

वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाही, बाळ. मी ते पुस्तकात वाचले आहे."

मुलगी खाली बसली. तिचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तिच्या घरी समुद्राविषयी रोज बोलणे होई; पण वारा कुठून वाहतो, पाण्याचा रंग कसा आहे, हे ज्याने स्वतः पाहिले असेल त्याच्याच शब्दाला तिथे मान असे. ऐकीव गोष्टीच्या भरवशावर कोणी होडी पाण्यात लोटीत नसे. गुरुजींना हे ठाऊक होते, आणि म्हणूनच तो प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला. वर्ष संपताना त्यांनी त्या वर्गाला वचन दिले, "मी तिथे जाऊन पाहून येईन. येताना दगड झालेला समुद्रातला जीव तुमच्यासाठी घेऊन येईन."

गणपतीचे विसर्जन झाले, आणि थोड्याच दिवसांत गुरुजी निघाले. कुडाळला ते आगगाडीत बसले. मुंबई, दिल्ली, शिमला असे टप्पे घेत त्यांनी सतलज नदीच्या काठचा रस्ता धरला. खाब नावाच्या ठिकाणी स्पीती नदी सतलजला येऊन मिळते. तिथून स्पीतीच्या काठाने वर चढले की हिमाचल प्रदेशातले ते उंच खोरे लागते.

कोकणातल्या माणसाला तो प्रदेश पाहून प्रथम धक्काच बसतो. मालवणला पावसाळ्यात दगडालाही शेवाळ फुटते. इथे मैलोगणती गवताची काडी दिसत नव्हती. पावसाचे ढग हिमालयाच्या अलीकडच्या रांगांवरच रिते होतात, त्यामुळे स्पीतीच्या वाट्याला पाऊस फारच थोडा येतो. कोकणातली घरे उतरत्या कौलारू छपरांची; इथली घरे मातीची, आणि त्यांची धाबी सपाट. त्या धाब्यांवर सरपण आणि चारा रचून ठेवलेला. हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद होतात, त्या दिवसांची ती बेगमी. नदीकाठी जिथे ओढ्याचे पाणी वळवून आणले आहे, तिथेच तेवढे जवाचे आणि वाटाण्याचे हिरवे तुकडे. ज्या घरी गुरुजी पहिल्या रात्री उतरले, तिथे त्यांच्यापुढे लोणी आणि मीठ घातलेला चहा व भाजलेल्या जवाचे पीठ आले. पिठाचा घास तोंडात घालताच गुरुजी उद्गारले, "अरे, हे तर आमचे सातूचे पीठ!" परक्या मुलखात ओळखीचे माणूस भेटावे तसे त्यांना वाटले.

ताबो हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२८० मीटर उंचीवर आहे. तिथे पोहोचताच गुरुजींचे डोके दुखू लागले, अन्नावरची वासना गेली, चार पावले टाकली तरी धाप लागू लागली. उंचीवर हवा विरळ होते आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी पडतो. शरीराला या गोष्टीची सवय होण्यास वेळ द्यावा लागतो. घरच्या यजमानांनी त्यांना बजावले, "आज कुठे जाऊ नका. पाणी प्या आणि पडून राहा. डोके उतरल्यावाचून पुढे चढायचे नाही." गुरुजींना पुढे जाण्याची घाई होती, पण वादळाचे चिन्ह दिसत असता होडी लोटणाऱ्याला कोळी काय म्हणतात, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांनी यजमानांचे ऐकले.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका आवाजाने त्यांना जाग आली. खोल, लांबवर घुमत जाणारा असा तो आवाज होता. गुरुजी अंथरुणात उठून बसले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मालवणच्या देवळात आरतीच्या वेळी तो त्यांनी हजारो वेळा ऐकला होता. तो शंखाचा आवाज होता.

उजाडल्यावर त्यांचे डोके जरा हलके झाले. तेव्हा ते हळूहळू चालत गोम्पाकडे गेले. बौद्ध भिक्षूंच्या मठाला त्या भागात गोम्पा म्हणतात. ताबोचा गोम्पा इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला. बाहेरून पाहिले तर मातीच्या ओबडधोबड भिंती. हेच का ते प्रसिद्ध स्थान, अशी शंका यावी. कोकणच्या एका पावसाळ्यात अशा भिंती विरघळून गेल्या असत्या. इथल्या कोरड्या हवेत त्या हजार वर्षे उभ्या आहेत. १९७५ च्या भूकंपात त्यांना इजा झाली, तरी त्या कोसळल्या नाहीत. १९९६ मध्ये मठाला एक सहस्र वर्षे पूर्ण झाली, तेव्हा दलाई लामांच्या उपस्थितीत तिथे मोठा सोहळा झाला. गुरुजी मनाशी हिशेब करू लागले. आपल्या जिल्ह्यातल्या खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट सापडला, तो शके ९३० मधला, म्हणजे इ. स. १००८ चा. ज्या काळी कोकणात तो ताम्रपट कोरला गेला, त्या काळी ताबोच्या भिंती नव्या होत्या.

आत अंधार होता. छायाचित्रे काढण्यास तिथे मनाई आहे. डोळे त्या अंधाराला सरावले, तशा भिंती हळूहळू उजळू लागल्या. मध्यभागी चारही दिशांना तोंड करून बसलेली वैरोचन बुद्धाची मूर्ती होती. सभोवार भिंतींना जोडून मातीच्या तीसहून अधिक मूर्ती होत्या; त्या जणू भिंतींतून पुढे येऊन बसल्या होत्या. त्यांच्या खाली आणि वर रंगीत चित्रे होती. रंग असे ताजे, की चित्रकार नुकताच बाहेर गेला असावा.

या भागातल्या मठांशी रिंचेन झांगपो या पंडिताचे नाव जोडलेले आहे. तो दहाव्या-अकराव्या शतकात होऊन गेला. तरुणपणी तो पर्वत ओलांडून काश्मीरला गेला, तिथे संस्कृत शिकला आणि अनेक ग्रंथ त्याने तिबेटी भाषेत आणले. पुढे भारतात त्यांतले कित्येक संस्कृत ग्रंथ नाहीसे झाले. पण तिबेटी अनुवादांमुळे त्यांतला विचार शिल्लक राहिला. आपल्या घरातली हरवलेली वस्तू शेजाऱ्याने सांभाळून ठेवावी, तसे हे घडले.

त्या अंधाऱ्या दालनात बसले असता गुरुजींना आणखी एका माणसाची आठवण झाली. तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ मध्ये धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले आणि त्यांना ध्यास लागला. केवळ वाचून त्यांचे समाधान झाले नाही. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, काशी करीत १९०२ मध्ये ते हिमालय चढून नेपाळात गेले. जे शोधीत होते ते त्यांना तिथे सापडले नाही. निराश होऊनही ते परतले नाहीत. बुद्धगयेला गेले, तिथून समुद्र ओलांडून श्रीलंकेला गेले, आणि तिथे पाली भाषा शिकले. पुढे त्यांनी त्या ज्ञानाचे दार मराठी वाचकांसाठी उघडून दिले. काश्मीरला जाणारा रिंचेन झांगपो काय, किंवा श्रीलंकेला जाणारे कोसंबी काय. दोघांनाही तोच प्रश्न पडला असला पाहिजे, जो मागच्या बाकावरच्या त्या मुलीने विचारला होता. गुरुजींना एकदम त्या मुलीचा अभिमान वाटला.

गुरुजी बाहेर आले, तेव्हा अंगणात अकरा-बारा वर्षांचा एक बालभिक्षू उन्हात बसला होता. डोके तुळतुळीत, अंगावर तांबडे वस्त्र, आणि मांडीवर पांढरा शंख. मऊ फडक्याने तो शंख पुसत होता. गुरुजींनी हिंदीत विचारले, "पहाटे हा शंख तूच वाजवलास का?"

"नाही, मोठ्या भिक्षूंनी. मी अजून शिकतो आहे," मुलगा म्हणाला. "तुम्ही कुठून आलात?"

"समुद्राच्या काठावरून. तुझा हा शंख समुद्रातूनच आला आहे. असे शंख मुख्यतः तामिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या समुद्रात सापडतात."

मुलाचे हात थांबले. रोज हाताळायच्या त्या शंखाकडे तो नव्याने पाहू लागला. मग त्याने तो कानाशी धरला आणि विचारले, "सगळे म्हणतात, यात समुद्राचा आवाज येतो. खरे का?"

'हो' म्हणणे किती सोपे होते! पण गुरुजींना खोटे बोलवले नाही. ते म्हणाले, "नाही. आपल्या भोवतीचेच बारीक आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात, ते तुला ऐकू येतात. पण समुद्राचा आवाज पुष्कळसा असाच असतो, हे मात्र खरे."

मुलाने थोडा विचार केला. "आणि त्याचे सगळे पाणी खारट असते म्हणतात, ते? तुम्ही स्वतः चाखले आहे?"

गुरुजी चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहिले. शेकडो मैलांवरून तोच प्रश्न पुन्हा त्यांच्यासमोर उभा राहिला होता! या वेळी मात्र त्यांच्याजवळ उत्तर होते. "चाखले आहे. लहानपणी पोहायला शिकताना नाकातोंडात गेले आहे," ते म्हणाले, आणि दोघेही मनमोकळे हसले.

दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर गुरुजी काझामार्गे लांग्झा गावाकडे निघाले. लांग्झा सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. मालवणला एका श्वासात जितका प्राणवायू मिळतो, त्याच्या तीनपंचमांश इतकाच तिथे मिळतो. गावाच्या टोकाला दरीकडे पाहत बसलेली बुद्धाची मोठी मूर्ती आहे आणि मागे एक हिमशिखर झळकत असते. गुरुजी ज्यांच्या घरी उतरले, ते शेतकरी त्यांना गावाबाहेरच्या एका कोरड्या ओढ्यात घेऊन गेले. काळसर, ठिसूळ दगडांचा खच पडला होता. बराच वेळ शोधल्यावर गुरुजींना मुठीएवढा एक गोल दगड सापडला. त्याचा कपचा उडालेला होता आणि आत गोगलगायीच्या शंखासारखे वेटोळे स्पष्ट दिसत होते.

गुरुजींचा हात कापू लागला. हा अमोनाइट होता. मालवणची मुले ज्या माकळाला चांगली ओळखतात, त्या माकळाचा हा फार जुना भाऊबंद. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या समुद्रात तो पोहत होता. मेल्यावर त्याचे कवच तळच्या गाळात पुरले गेले आणि गाळाबरोबर तेही दगड झाले. पुढे भारताची भूमी सरकत सरकत उत्तरेला गेली आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या भूमीला भिडली. मधल्या समुद्राचा तळ दाबला गेला, दुमडला गेला आणि वर उचलला गेला. समुद्रात बुडालेला तो जीव अशा रीतीने ढगांच्या उंचीवर येऊन पोहोचला. इतकी वर्षे गुरुजींनी जे शिकवले, ते आज त्यांच्या तळहातावर होते.

त्यांनी तो दगड रुमालात गुंडाळला. तेवढ्यात ते शेतकरी सहज म्हणाले, "माझ्या लहानपणी या ओढ्यात पाऊल टाकावे तिथे असे दगड लागत. आता येणारा प्रत्येक जण एकेक नेतो. आता शोधावे लागतात. तुम्हीही न्या, तुम्ही तर मुलांसाठी नेता आहात."

गुरुजींचे पाऊल जागच्या जागी थांबले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य झाले. पाण्यात उतरलेला एखादा प्रवासी आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा मोडू पाहतो, तेव्हा गुरुजी त्याला हटकीत. तो म्हणे, "एका तुकड्याने काय होते?" गुरुजी उत्तर देत, "प्रत्येक जण असेच म्हणतो." आज तेच उत्तर त्यांच्या स्वतःच्या कानांत घुमू लागले.

पण वर्गाला दिलेले वचन? पन्नास मुले वाट पाहत होती. रिकाम्या हातांनी परतलो तर ती मुलगी काय म्हणेल? गुरुजी बराच वेळ त्या ओढ्यात उभे राहिले. शेवटी ते खाली बसले, दगड समोर ठेवून वहीत त्याचे चित्र काढले, दोऱ्याने त्याचा घेर मोजून लिहून ठेवला, आणि मग तो जिथून उचलला होता तिथेच जपून ठेवून दिला. शेतकरी काही बोलले नाहीत. परतताना मात्र त्यांनी गुरुजींची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

जवळच्या हिक्कीम गावी १९८३ पासून एक टपालकचेरी आहे. देशातल्या अत्यंत उंचावरच्या टपालकचेऱ्यांत तिची गणना होते. तिथून गुरुजींनी शाळेला एक कार्ड धाडले. त्यावर एकच ओळ होती : "मी स्वतः पाहिले."

गुरुजी मालवणला पोहोचले, त्या दिवशी ते कार्ड वर्गाच्या भिंतीवर लावलेले होते. मुलांनी त्यांना घेरले. "दगड दाखवा, गुरुजी!" गुरुजींनी वही उघडली, चित्र दाखवले आणि घडलेली सारी हकीकत काहीही न लपवता सांगितली. "मी वचन दिले होते आणि ते मोडले. ते ठेवले असते तर तिथल्या मुलांचा एक दगड कमी झाला असता," ते म्हणाले. वर्ग हिरमुसला. तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "पण गुरुजींनी बघल्यानी मां? मग झाला!"

त्या रात्री गुरुजी देवघरात समई लावीत होते. समईच्या उजेडात त्यांची दृष्टी ताम्हनातल्या काळ्या, गुळगुळीत शाळिग्रामावर गेली. आजोबांच्या काळापासून तो त्या घरात पुजला जात होता. त्याला एका बाजूस छिद्र होते आणि छिद्रातून आतली चक्रे दिसत. गुरुजींनी तो उचलला, उजेडाशी नेला आणि ते स्तब्ध झाले. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकी नदीत मिळतो. ती हिमालयातून तेच जुने खडक कापीत येते. आणि शाळिग्रामाच्या पोटातले चक्र म्हणजे अमोनाइटचेच वेटोळे! जे आणण्यासाठी ते इतक्या दूर गेले होते, ते त्यांच्या देवघरातच होते. परंतु लांग्झाच्या ओढ्यात तो दगड पाहिला नसता, तर घरातला हा दगड त्यांना कधी ओळखताही आला नसता.

दुसऱ्या दिवशी शाळिग्राम स्वच्छ वस्त्रात गुंडाळून ते शाळेत घेऊन गेले. मुलांनी हात धुतले आणि तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात दिला. प्रत्येकाने त्या छिद्रातून आत पाहिले. गुरुजी म्हणाले, "समुद्राने आपला शंख हिमालयातल्या मठाला दिला, आणि हिमालयाने त्या जुन्या समुद्राचा हा जीव आपल्या देवघरात पाठवला. ही देवघेव आपल्या आजोबा-पणजोबांच्याही आधीपासून चालत आली आहे."

मग वर्गाने मिळून ताबोच्या त्या बालभिक्षूला पत्र लिहायचे ठरवले. आरंभ कसा करावा, यावर पुष्कळ चर्चा झाली. शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीने लेखणी हाती घेतली आणि शुद्ध मराठीत पहिले वाक्य लिहिले. हिंदी अनुवाद गुरुजींनी नंतर केला. तिने लिहिले होते :

"समुद्राचे सगळे पाणी खारट असते. आम्ही ते स्वतः चाखले आहे. आता तुमचा बर्फ कसा लागतो, ते आम्हांला कळवा. पण आधी स्वतः चाखून पाहा."